दोन फ्रीलान्स कामांच्या मधल्या सुट्टीत मैफली, प्रदर्शनं आणि घर कसं जमवावं?

एक काम संपलंय, पुढचं पाच आठवड्यांनी सुरू होणार, मैफली-प्रदर्शनं-घर सगळंच करायचंय, पण दिवस नुसतेच निसटतात, असं तुम्ही विचारलंय. निसटतात ते बहुधा जुनं काम नीट बंद न झाल्यामुळे. म्हणून पहिले दोन दिवस सुट्टीत धरूच नका. शेवटचं बिल पाठवा. पैसे देण्याची मुदत बिलापासून तीस दिवसांची असेल तर बिलाला झालेला उशीर जसाच्या तसा पैशाला होतो. हातात आलेल्या रकमेतून कराचा वाटा आधी बाजूला काढा, उरेल त्यातून तिकिटं. फाइली सोपवताना लिहून द्या की अमुक तारखेपर्यंतचेच बदल या बिलात, पुढचे नव्या दराने. सुट्टी खाऊन टाकतं ते ‘पाच मिनिटांचं काम आहे हो’ हेच. मेलला आपोआप जाणारं उत्तर लावा आणि आठवड्यातून ठरलेला एकच तास मेल बघा.

प्रदर्शनं कामाच्या वारी, दार उघडल्या उघडल्या गाठा. गर्दी नसणं ही फ्रीलान्सरची खरी चैन, आणि ती शनिवार-रविवारी मिळत नाही. साप्ताहिक सुट्टीचा वार तेवढा आधी बघून घ्या. प्रदर्शनाचा शेवटचा आठवडा टाळा, राहून गेलेले सगळे तेव्हाच येतात.

संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर बॉस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी 1916 सालीच लिहून ठेवलंय: वाकून, मान वळवून बघावं लागतं त्याचाच शीण येतो. त्यात पहिल्याच दालनातली प्रत्येक पाटी वाचत बसलात तर तिसऱ्या दालनात डोळे नुसते फिरतात. त्यापेक्षा पहिली फेरी काहीही न वाचता पंधरा मिनिटांत मारा, चार-पाच कलाकृती हेरा, मग फक्त त्यांच्याकडे परत जा आणि प्रत्येकीला दहा मिनिटं द्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या 2001 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका चित्रापुढे थांबण्याचा मध्यक वेळ, म्हणजे निम्मे लोक ज्याहून कमी थांबले तो, अवघा 17 सेकंद निघाला होता. कागदावरची चित्रं आणि जुनी वस्त्रं साधारण 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) मंद उजेडात ठेवतात, कारण प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि भरून येत नाही. बाहेरच्या उन्हातून थेट तिथे शिरलात तर काही मिनिटं नुसतं उभं राहा, रंग हळूहळू दिसू लागतात.

मैफलीत ध्वनिवर्धक असतील तर ध्वनी-मिश्रकाच्या टेबलाजवळची जागा घ्या. तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानाने तोल साधत असतो. स्पीकरच्या तोंडासमोरची जागा फुकट मिळाली तरी नको. 85 डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणी सुरक्षित धरलेली मर्यादा. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला अवघी पंधरा मिनिटं. कानात घालायचे फोमचे बोळे उंच स्वर जास्त दाबतात आणि गाणं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं. वारंवार जाणार असाल तर संगीतकार वापरतात ते, सगळे स्वर साधारण सारखेच कमी करणारे फिल्टरचे इअरप्लग घ्या. ध्वनिवर्धकाशिवायच्या मैफलीत खोल बाल्कनीच्या खालच्या मागच्या रांगा टाळा, सभागृहाचा घुमारा तिथवर नीट पोचत नाही.

घराचं गणित मात्र वेगळं आहे. सुट्टी तुम्हाला आहे, घरच्यांना नाही. एकट्याने बघायचं ते दुपारपर्यंत उरका आणि ते परततील तेव्हा घरी असा. सलग संध्याकाळी मैफलींना जाल तर काम चालू असताना भेटत होतात तेवढेही भेटणार नाही. आठवड्याला दोन पुरे, त्यांतली एक सगळ्यांनी मिळून निवडलेली. ‘घरीच तर आहेस’ म्हणून साठलेली सगळी कामं अंगावर येतातच, तेव्हा कोणती घेणार ते पहिल्याच दिवशी बोलून टाका.

मुलांना प्रदर्शनाला नेलंत तर तासाभरात, ती कंटाळायच्या आत बाहेर पडा. हातात कागद-पेन्सिल दिली की एकाच मूर्तीपुढे बराच वेळ रमतात. मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमात लहानग्यांना बोळ्यांऐवजी कानांवर बसणारे मफ लावा. त्यांच्या अरुंद कानात फोमचे बोळे नीट बसत नाहीत.

शेवटच्या तीन दिवसांची तिकिटं काढू नका. नव्या क्लायंटचे कागद नेमके तेव्हाच येतात.