मुलं रविवारी चर्चला येतात, पण घरी श्रद्धा दिसत नाही. आईवडिलांनी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीच्या बदलीने नुकतेच फोंड्याला आलात. मुलं अकरा आणि चौदा वर्षांची, रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, नियमाने येतात, पण सोमवारपासून भांडणं, खोटं बोलणं, प्रार्थनेला बसायची टाळाटाळ. श्रद्धा त्यांच्या रोजच्या वागण्यात कशी उतरेल, हा तुमचा प्रश्न. मी वसईची. मिस्टरांची नोकरी वेर्ण्याला, म्हणून गेली वीस वर्षं मडगावात आहे. मुलगा आता एकोणीस वर्षांचा, मुलगी पंधराची. आमच्या घरात जे झालं तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी, प्रार्थना वाढवू नका. आम्ही ती चूक केली होती. मुलगा उलट उत्तरं द्यायला लागला तसं मी रोझरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) जोडली, मग त्यावर बायबलचं वाचन. पोरगं हातात माळ धरून घड्याळाकडे बघत बसायचं. प्रार्थना एकीकडे आणि बाकीचा दिवस दुसरीकडे, दोघांची गाठच पडत नव्हती.

ही गाठ घालायची रीत आमच्या घरमालकिणीच्या घरात होती. सुरुवातीची आठ वर्षं आम्ही त्यांच्याकडे भाड्याने राहायचो. सगळे त्यांना माय म्हणत. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की खाली त्यांच्या घरी तेर्स सुरू व्हायचा. गोव्यात रोझरीला तेर्स म्हणतात, हे तुम्हालाही आता कळलं असेल. तेर्स संपला की नातवंडं एकेक करून मोठ्यांसमोर हात जोडून उभी राहायची आणि म्हणायची, "बेसांव दी". बेसांव म्हणजे आशीर्वाद. ही गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतली जुनी रीत. मायचा त्यात स्वतःचा एक नियम होता: दिवसात ज्याच्याशी भांडलास, आधी त्याच्याशी बोल, मग माझ्याकडे ये. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू हेच सांगतो ना, की वेदीपाशी आल्यावर आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. मायने ते वचन नातवंडांना कधी पाठ करायला लावलं नाही. रोज करून घेतलं. माझी दोन्ही मुलं त्या रांगेत उभी राहून वाढली, आणि पुढे आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा बेसांवही सोबत आला.

आणि मग एक दिवस तो नियम माझ्यावरच आला. कपाटातले पाचशे रुपये सापडत नव्हते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी मुलांसमोर विचारलं, "तुम्ही कुठे ठेवलेत का?" शब्द साधे होते, पण सूर चोर ठरवणारा होता. मावशी गप्प राहिल्या, काम आवरून गेल्या. तिसऱ्या दिवशी पैसे लाइटबिलांच्या फाइलमध्ये मिळाले. मी ते पाकिटात ठेवले आणि विषय संपला असं धरलं. रात्री रोझरी झाली, मुलगी तेव्हा आठ वर्षांची, बेसांव घ्यायला आली आणि म्हणाली, "आई, तू मावशींशी बोललीस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मुलांना घेऊन मी मावशींच्या खोलीवर गेले. मुलांसमोर आरोप केला होता, म्हणून माफीही मुलांसमोरच मागायची होती. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. परतताना मुलगा वाटभर बोलला नाही. त्याच आठवड्यात त्याने आपण होऊन सांगितलं की गणिताच्या चाचणीच्या पेपरवर बाबांची सही त्यानेच केली होती. इतकी वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गात पश्चात्ताप शिकला होता, पण घरात कोणी मोठ्या माणसाने चूक कबूल केल्यावर काय होतं, हे त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

म्हणून तुम्हाला मनापासून विचारते: तुमच्या मुलांनी तुम्हाला कुणाची क्षमा मागताना पाहिलंय का? एकमेकांची तरी?

"असं केलंस तर देव शिक्षा करील" हे वाक्य मात्र घरातून काढूनच टाका. मी स्वतः त्या भीतीत वाढले. त्या भीतीमुळे मी चुका लपवायला शिकले, टाळायला नाही.

तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे आम्हीही अडकलो होतो. आमचा तेवढाच असताना म्हणाला, "मिस्सा बोअर होतो, मी येणार नाही." हे भडकले. दोन रविवार घरात रडारड. मग आम्ही ठरवलं की रविवारची मिस्सा कुटुंबाची आहे, ती सोडायची नाही, पण त्याचे प्रश्न ऐकून घ्यायचे. आजोबा एवढे देवभक्त, मग त्यांना कॅन्सर का झाला? शेजारचे काका हिंदू, इतके चांगले, त्यांचं काय? ज्याचं उत्तर मला देता येत नव्हतं तिथे मी तसं सांगितलं आणि दोघं मिळून फादरांकडे गेलो. दुसरं, त्याला काम मिळालं. गोव्याच्या चर्चमधून संगीत शिकवायची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची, गावोगावच्या चर्चशाळांत मुलं व्हायोलिन शिकायची. आमच्या कॉयरच्या (चर्चच्या गायनवृंदाच्या) मेस्तांनी, म्हणजे संगीत शिकवणाऱ्या गुरुजींनी, त्याच्या हातात व्हायोलिन दिलं. बाकावर बसून कंटाळणारा मुलगा शनिवारी तालमीला पळायला लागला. तुमच्या मुलाला काय येतं ते बघा आणि फादरांना सांगा, त्यांना हात हवेच असतात.

संतांच्या गोष्टी सांगायच्या तर जवळच्या सांगा. सांकवाळ तुमच्यापासून फार लांब नाही. संत जुझे वाझ यांचं घराणं तिथलं, जन्म बाणावलीचा, १६५१ चा. श्रीलंकेत डचांनी कॅथलिक धर्माला बंदी घातली होती तेव्हा ते मजुराच्या वेषात तिथे पोचले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, आणि वाझ त्यांची शुश्रूषा करत राहिले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. १६ जानेवारीला त्यांचा सण असतो, मुलांना घेऊन जा. आमची मुलगी दहा वर्षांची असताना वर्गातल्या एकीला कांजिण्या झाल्या. हिने न सांगता दोन आठवडे दोन वह्या लिहिल्या, एक स्वतःची आणि एक तिची. मी विचारलं तर म्हणाली, "मला तिच्या घरी जाता येत नाही ना, म्हणून."

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आम्ही डबा ठेवतो. चिकन, आइस्क्रीम, जे सोडलं त्याचे पैसे त्यात. ते कोणाला द्यायचे हे मुलं ठरवतात आणि त्यांच्याच हातून देतात. नाताळच्या गोडाचं पहिलं ताट शेजारी सावंतवाडीच्या काकूंकडे जातं, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, त्यांच्या नेवऱ्या (करंज्या) आमच्याकडे येतात.

भाषेचंही एक सांगते. इथे मिस्सा बहुतेक कोंकणीत, मुलं हळूहळू रुळतील. घरातली प्रार्थना मात्र मराठीतच ठेवा. ज्या भाषेत मुलं भांडतात, त्याच भाषेत त्यांना देवाशी बोलता यायला हवं. मडगावजवळच्या राशोलला १६१६ साली इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांचं, येशूची कथा सांगणारं ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही मराठीत. मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याला फार अभिमान वाटला होता.

तो आता पुण्याला शिकतो. दर रविवारी मिस्साला जातो की नाही, हे मी विचारत नाही. काही रविवार चुकत असतील. गेल्या महिन्यात बापलेकांचं पैशांवरून फोनवर वाजलं, त्याने फोन ठेवून दिला. रात्री साडेअकराला त्याचा फोन परत आला. आधी यांच्याशी बोलला, मग म्हणाला, "आईला दे." मागे हॉस्टेलच्या पोरांचा गोंगाट चालू होता. त्यातच तो म्हणाला, "आई, बेसांव दी."