तुर्कीत ‘अलीचं घर’ म्हणताना प्रत्यय दोनदा का लागतो?

तुमची अडचण अशी की ‘अलीचं घर’ला तुर्कीत ‘अलीनिन एवी’ म्हणतात. अलीला ‘निन’ लागला, मग ‘एव’ला, म्हणजे घराला, परत ‘ई’ कशाला? मीही सुरुवातीला कित्येक दिवस ती ‘ई’ गिळूनच बोलायचो.

‘चा-ची-चे’ जरा बाजूला ठेवा आणि आपली क्रियापदं आठवा. ‘आलास’ म्हटलं की ‘तू’ वेगळं सांगावं लागत नाही. तुर्कीत हे काम नामंही करतात. एविम म्हणजे माझं घर, एविन तुझं, एवी त्याचं किंवा तिचं. शेपट्यासुद्धा क्रियापदाच्याच: गेल्दिम म्हणजे मी आलो, गेल्दिन म्हणजे तू आलास. तेव्हा ‘अलीनिन एवी’ म्हणजे ‘अलीचं, त्याचं-घर’. (हा ‘म’ तुम्ही आधीही ऐकलाय. ‘बेगम’ शब्दात बेग म्हणजे सरदार आणि पुढे ‘माझा’चा म.) आधीच्या स्वराप्रमाणे ‘ई’चा कधी ‘उ’ होतो, ते कानाला आपोआप कळायला लागतं.

खरी मजा इस्तंबूलच्या पाट्यांवर आहे. तिथला प्रसिद्ध चौक ‘तक्सिम मेयदानी’. मेयदान म्हणजे आपलं मैदान, आणि शेवटची ‘ई’ तीच. पण तक्सिमला प्रत्यय नाही, कारण तक्सिम इथे मालक नाही, नुसतं नाव आहे. तसंच ‘चोजुक किताबी’ म्हणजे बालपुस्तक, पण ‘चोजुउन किताबी’ म्हणजे त्या अमुक मुलाचं पुस्तक. एका प्रत्ययाने एवढा फरक पडतो.

‘असणे’ मात्र आपल्यापेक्षा सोपं. आपण ‘मला दोन भावंडं आहेत’ पण ‘माझ्याकडे पैसे आहेत’ म्हणतो. तुर्कीत दोन्हींना एकच साचा, ‘माझी दोन भावंडं आहेत, माझे पैसे आहेत’ असा: इकी कार्देशिम वार, पाराम वार (‘वार’ म्हणजे आहे). नसेल तर ‘वार’ऐवजी ‘योक’. फक्त आत्ता खिशात आहेत म्हणायचं तर ‘बेन्दे पारा वार’, म्हणजे ‘माझ्यापाशी पैसे आहेत’.

एक खड्डा तेवढा सांभाळा. ‘एविन्दे’ म्हणजे ‘तुझ्या घरात’ आणि ‘त्याच्या घरात’सुद्धा. एकदा एका मैत्रिणीला कळवलं की माझी छत्री ‘एविन्दे’ राहिली. मला म्हणायचं होतं तिच्या भावाच्या घरी. तिने बिचारीने स्वतःचं घर पालथं घातलं. नुसतं ‘ओनुन एविन्दे’ (ओनुन म्हणजे त्याच्या) लिहिलं असतं तर काम झालं असतं.