वाचकांचे प्रश्न : वनडेत भारी गोलंदाज ठरवायचा कसा?

प्रश्न : कपिलदेव आणि अजित आगरकर यांची वनडेतली सरासरी जवळजवळ सारखी दिसते. मग दोघे एकाच तोलाचे म्हणायचे का? (एक वाचक, सांगली)

सरासरीपुरते (एका बळीमागे दिलेल्या धावा) हो. कपिलची २७.४५, आगरकरची २७.८५. पण सरासरी हा दोन आकड्यांचा गुणाकार असतो, आणि ते दोन आकडे वेगवेगळे पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही. सूत्र साधे आहे : स्ट्राइक रेट (एका बळीमागे किती चेंडू) गुणिले इकॉनॉमी (एका षटकामागे किती धावा), भागिले ६.

कपिलने ११,२०२ चेंडूंत ६,९४५ धावा देऊन २५३ बळी घेतले. म्हणजे स्ट्राइक रेट ४४.२८, इकॉनॉमी ३.७२. (काही ठिकाणी ३.७१ छापलेले दिसेल. तिथे पुढचे दशांश नुसते गाळतात, चूक नव्हे.) आगरकरचे चेंडू ९,४८४, धावा ८,०२१, बळी २८८. स्ट्राइक रेट ३२.९३, इकॉनॉमी ५.०७.

आता हे दहा षटकांच्या कोट्यात मांडा. कपिल ३७ धावा देतो आणि सरासरी १.३६ बळी घेतो. आगरकर ५१ धावा देतो आणि १.८२ बळी घेतो. जवळपास अर्ध्या बळीसाठी १४ धावा जास्त. दुसऱ्या टोकाला टिच्चून टाकणारे गोलंदाज असतील तर हा सौदा कर्णधाराला परवडतो. दोन्ही टोकांनी धावा जात असतील तर नाही.

इथे काळाचाही हिशेब धरावा लागतो. कपिल खेळला १९७८ ते १९९४. ऐंशीच्या दशकात वनडेत षटकामागे साधारण साडेचार धावा निघायच्या. आगरकरच्या काळात (१९९८ ते २००७) हा आकडा पाचच्या आसपास पोचला होता. म्हणजे कपिल आपल्या काळापेक्षा पाऊण धावेने स्वस्त, तर आगरकर जेमतेम बरोबरीचा. तरीही आगरकरला ‘धावा वाटणारा’ म्हणून मोडीत काढणे आम्हाला पटत नाही. २३ सामन्यांत ५० बळींचा त्याचा विक्रम २००९ साली श्रीलंकेच्या अजंता मेंडिसने मोडेपर्यंत टिकला, आणि मेलबर्नला २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४२ धावांत ६ बळी ही काही फुकटची कमाई नव्हती.

प्रश्न : झहीर खानचे वनडे बळी कुठे २८२ तर कुठे २६९ का लिहिलेले असतात? (एक वाचक, श्रीरामपूर)

दोन्ही बरोबर. २८२ मध्ये आशिया एकादशकडून (आशियाई देशांच्या खेळाडूंचा एकत्रित संघ) घेतलेले १३ बळी धरलेले आहेत. त्या सामन्यांना आयसीसीने अधिकृत वनडेचा दर्जा दिला होता. निव्वळ भारतासाठी २६९. असाच फरक कुंबळेचा (३३७ आणि ३३४) आणि हरभजनचा (२६९ आणि २६५). त्यामुळे ‘भारताचे गोलंदाज’ अशी यादी करताना क्रम असा लावा : कुंबळे ३३४, श्रीनाथ ३१५, आगरकर २८८, झहीर २६९, हरभजन २६५, कपिल २५३. श्रीरामपूरच्या झहीरचा चौथा नंबर कुठेही जात नाही!

प्रश्न : बुमराह की शमी? घरात रोज वाद होतो. (एक वाचक, ठाणे)

आधी एकूण बळींचा मुद्दा वादातून बाहेर काढा. २०२३ च्या विश्वचषकाअखेर बुमराहचे ८९ सामन्यांत १४९ बळी होते. सचिन तेंडुलकरचे वनडेतले बळी १५४, पण त्यासाठी ४६३ सामने आणि ४४.४८ ची सरासरी. नुसती बेरीज किती फसवते, हे यावरून दिसेल.

त्याच टप्प्यावर बुमराहची सरासरी २३.५५, इकॉनॉमी ४.५९, स्ट्राइक रेट साधारण ३०.७. शमीचे २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीअखेर १०८ सामन्यांत २०६ बळी, सरासरी २४.०५, इकॉनॉमी ५.५७, स्ट्राइक रेट २६ च्या आत. दहा षटकांत बुमराह ४६ धावा देऊन दोनच्या जवळ बळी, शमी ५६ धावा देऊन दोनाहून थोडे जास्त.

शमीची इकॉनॉमी पाहून नाक मुरडणाऱ्यांनी १५ नोव्हेंबर २०२३ ची वानखेडेवरची उपांत्य फेरी पाहावी. त्याने ९.५ षटकांत ५७ धावा दिल्या, म्हणजे षटकामागे ५.८०. महाग वाटते. पण उरलेल्या चौघांनी मिळून ३९ षटकांत २६१ धावा दिल्या : ६.६९. त्याच खेळपट्टीवर, त्याच फलंदाजांसमोर. शिवाय शमीचे बळी ७, चौघांचे मिळून ३. कोणत्याही गोलंदाजाची इकॉनॉमी तपासायची तर अशीच, त्याच डावातल्या इतरांशी ताडून. (त्या दिवशी कुलदीपने १० षटकांत ५६ दिल्या, शमीहून किंचित स्वस्त. पण त्याचा बळी एकच.)

तरी आमचे मत बुमराहकडे झुकते, कारण तो शेवटच्या दहा षटकांतही हमखास टाकतो. तिथे बळी मिळतात, पण मारही तेवढाच बसतो. ते ओझे घेऊन इकॉनॉमी पाचच्या खाली ठेवणे अवघड. ऑक्टोबर २०११ पासून दोन टोकांना दोन नवे चेंडू आल्यावर तर चेंडू पुरेसा जुना होईना आणि रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू नेहमीच्या उलट दिशेने हवेत वळणे) दुर्मीळ झाला. जुलै २०२५ पासून ३४ षटकांनंतर दोहोंपैकी एकच चेंडू दोन्ही टोकांनी वापरतात. म्हणून यापुढचे शेवटच्या षटकांतले आकडे आधीच्यांशी सरळ जोडू नका.

प्रश्न : मी एक्सेलमध्ये गोलंदाजांची तुलना करतो, पण आकडे छापील नोंदींशी जुळत नाहीत. (एक वाचक, पुणे)

बहुधा दोन चुका होत असाव्यात.

पहिली, षटकांचा दशांश. ४.४ षटके म्हणजे चार षटके आणि चार चेंडू, एकूण २८ चेंडू. एक्सेलला ते ‘चार पूर्णांक चार दशांश’ वाटतात. ४.४ आणि ९.५ यांची बेरीज तो १३.९ दाखवेल; खरी बेरीज २८ अधिक ५९, म्हणजे ८७ चेंडू, म्हणजेच १४.३ षटके. म्हणून आधी सगळे चेंडूंत बदलून घ्या. पूर्ण षटके गुणिले ६, अधिक बिंदूनंतरचा अंक. इकॉनॉमी काढताना धावा भागिले चेंडू, गुणिले ६.

दुसरी, सरासऱ्यांची सरासरी. एका वर्षी २० च्या सरासरीने २० बळी, दुसऱ्या वर्षी ४० च्या सरासरीने ५ बळी, तर एकत्रित सरासरी ३० नव्हे. धावा ४०० अधिक २००, बळी २५, उत्तर २४.

शिवाय धावफलकावरून धावा भरताना बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या नावावर टाकू नका. वाइड आणि नोबॉल टाका. धावबाद त्याच्या खात्यात जात नाही. आणि यादीला किमान दोन हजार चेंडूंची अट लावा. नाहीतर २०१४ मध्ये मीरपूरला बांगलादेशविरुद्ध ४.४ षटकांत ४ धावांत ६ बळी घेणारा स्टुअर्ट बिन्नी, मोजकेच सामने खेळूनही, तुमच्या तक्त्यात भलत्याच जागी दिसेल. २०२३ मध्ये शमीने ५७ धावांत ७ बळी घेईपर्यंत भारताची ती सर्वोत्तम वनडे कामगिरी होती, पण तिची जागा एका डावाच्या यादीत आहे.