लघवीतील कोलॅजेनच्या तपासणीवरून आमवाताचे औषध बदलावे का?

आईंच्या लघवीतील कोलॅजेनच्या (हाडे, सांधे आणि त्वचा यांना बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या) तपासणीचा आकडा वाढलेला आला, तर आमवाताचे औषध बदलावे का, असे तुम्ही विचारले आहे. त्या एका आकड्यावरून मुळीच बदलू नये.

इंदूरच्या महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, पण हे मला माझ्या दादाला पटवता आले नाही. मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या गोळीने वहिनींची बोटे मोकळी होऊ लागली असताना त्याने एका लॅबमधून त्यांच्या लघवीतील हायड्रॉक्सिप्रोलिन, म्हणजे कोलॅजेनचा एक घटक, मोजून आणले. आकडा मर्यादेच्या वर होता. म्हणजे सांधे झिजतच आहेत आणि गोळी निरुपयोगी आहे, असे ठरवून त्याने ती परस्पर बंद केली. पुढच्या पावसाळ्यात वहिनींना सकाळी मूठ वळवता येईना, लाटणे धरवेना.

वहिनी तेव्हा रोज दुधातून कोलॅजेनची पावडर घेत होत्या आणि ती दादानेच आणली होती. हायड्रॉक्सिप्रोलिन हे कोलॅजेनमधलेच अमिनो आम्ल असल्याने ते अशा पावडरीतून आणि जिलेटिनमधूनही लघवीत उतरते, शिवाय हाडांतून आणि त्वचेतूनही येते. त्या मानाने पिरिडिनोलिन अधिक विश्वासार्ह आहे, कारण कोलॅजेनच्या तंतूंना जोडणारा हा दुवा पक्व तंतू तुटल्यावरच सुटतो; पण तोही हाड आणि कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर) दोन्हींत असतो. कूर्चेतील टाइप २ कोलॅजेनचा तुकडा म्हणजे सीटीएक्स-२. रॉटरडॅममधील मोठ्या पाहणीत तो जास्त असणाऱ्यांचे गुडघे आणि खुबे पुढे अधिक झिजलेले आढळले, परंतु हा समूहाचा निष्कर्ष आहे. कोणता सांधा झिजतो आहे हे तो सांगत नाही, पाळी गेल्यावर तो वाढतो, आणि स्नायूंतून लघवीत येणाऱ्या क्रिएटिनिनने भागून आकडा काढत असल्यामुळे आजाराने स्नायू वाळलेल्या रुग्णात तो उगाच फुगतो.

यंत्राने मोजलेला आकडा खोटा कसा, असे दादा आजही विचारतो. आकडा खोटा नव्हताच. त्यातला किती भाग सांध्यांचा, हे त्यावरून कळत नव्हते, एवढेच माझे म्हणणे होते आणि आहे.

हाडांच्या ठिसूळपणावरील उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी डॉक्टर अशा तपासण्या मागवतात, ती बाब वेगळी. आमवातात मात्र सुजलेले सांधे, सकाळचा ताठरपणा, सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) आणि एक्स-रे पाहूनच औषधाचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा, घरातल्या कुणी नव्हे. आई कोलॅजेनची पावडर घेत असतील, तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.