पाठीतलं पाणी तपासताना: नव्या टेक्निशियनसाठी

इंदुरात मे महिन्यात सीएसएफची, म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीच्या या पाठीतल्या पाण्याची, नळी टेबलावर पडून राहिली, तर आतल्या पेशी साखर खात राहतात आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. म्हणून तासाभरात तपासणीला लाव. कल्चरची (जंतू वाढवून पाहायची) नळी मात्र फ्रीजमध्ये अजिबात नको, मेनिंगोकॉकस हा मेंदूज्वराचा जंतू थंडीत मरतो.

साखर साधारण दर १०० मिलिलिटरला ४५ ते ८० मिलिग्रॅम, म्हणजे रक्तातल्या साखरेच्या सुमारे ६० टक्के. नुसता आकडा फसवतो: रक्तात २०० आणि पाण्यात ६० असेल तर ती कमीच. त्याच वेळची रक्तातली साखर मागून घे, वॉर्डवाले कुरकुरले तरी.

प्रोटीन १५ ते ४५ मिलिग्रॅम. सीरमचं (रक्ताच्या वरच्या पाण्याचं) प्रोटीन मोजायचं बाययुरेट रसायन इथे चालत नाही, इतकं कमी त्याला दिसतच नाही. पायरोगॅलॉल रेड हा रंग वापर. सुई टोचताना रक्त मिसळलं की प्रोटीन वाढतं, म्हणून लाल नमुन्याची नोंद रिपोर्टवर हवीच. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचं पाणी पिवळट दिसलं, तर रक्तस्राव जुना असू शकतो. पण कावीळ आणि खूप वाढलेलं प्रोटीनही तोच रंग देतात. क्लोराईड रक्तापेक्षा जास्तच असतं, दचकू नकोस.