प्रश्न आधी, माहिती नंतर

सोलापूर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप मी सकाळी वाचला. तो रात्री साडेअकरा वाजता पाठवलेला होता, आणि त्यातल्या मजकुराइतकीच ती वेळही मला बोलकी वाटली. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातून सात वाजता घरी परतलेली मुलगी साडेअकराला डाइंगच्या, म्हणजे रंगाई विभागाच्या, व्हॉट्सॲप गटातले फोटो चाळत बसते आणि तरीही सकाळी उठल्यावर आपल्याला काहीच ठाऊक नाही असे तिला वाटते, हे वाचून मला वाईट वाटले आणि थोडा रागही आला. तू कष्टाळू आहेस, शिकशील, धीर सोडू नकोस वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला माहीत आहे आणि त्याने तुझी चुकलेली पॅकिंग लिस्ट, म्हणजे पेट्यांत काय किती भरायचे याची यादी, दुरुस्त होत नाही.

त्या पॅकिंग लिस्टचेच बोलू. तू लिहितेस, ‘काका, मी सगळे वाचते, तरी नेमके तेच सुटते.’ सुटले काहीच नव्हते. बायरने, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीने, पेटीतल्या टॉवेलांची संख्या बदलल्याचा ई-मेल तुझ्याकडे होता, जुन्या पीओची, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरची, प्रत होती, पॅकिंगच्या गटात कोणीतरी टाकलेली ‘फायनल’ नावाची फाइल होती आणि दोन दिवसांनी आलेली ‘फायनल नवी’ नावाचीही होती. चारही तू वाचल्या होत्यास. तुझ्यापाशी नव्हता तो फक्त प्रश्न: पेटीत किती नग भरायचे हे आज कोणता कागद ठरवतो? हा प्रश्न तू सकाळी स्वतःच्या अक्षरात लिहिला असतास, तर चारांपैकी तीन कागदांकडे तुला बघावेच लागले नसते.

माझे सांगणे एवढे एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच. प्रश्न आधी, माहिती नंतर. कामावर बसल्यावर मोबाइल किंवा संगणक उघडण्यापूर्वी वहीत लिही की आज तुला कोणते निर्णय घ्यायचे आहेत आणि कोणते वरिष्ठांकडून घ्यायला लावायचे आहेत. ‘डाइंगचे बघणे’ हा प्रश्न नव्हे. ‘निळ्या शेडच्या दुसऱ्या लॅब डिपला, म्हणजे रंगवून बघितलेल्या नमुन्याला, बायरची मंजुरी आली का, आणि आली नसेल तर सुताचा तो लॉट अडवून ठेवायचा की पांढऱ्या मालाचे काम पुढे घ्यायचे?’ हा प्रश्न. असे चार-पाच प्रश्न लिहून झाले की मग खुशाल मोबाइल उघड, पण झाडाखाली पडलेले सगळे गोळा करायला नव्हे, तर ती चार-पाच उत्तरे आणायला.

तू मला एखादे चांगले ॲप सुचवायला सांगितले आहेस. नाही सुचवणार. हर्बर्ट सायमन या अमेरिकी अभ्यासकाने, ज्यांना पुढे १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, १९७१ मध्येच हे मांडून ठेवले आहे की माहिती खाते ते घेणाऱ्याचे लक्ष, त्यामुळे माहितीची रेलचेल झाली की लक्षाचा दुष्काळ पडणारच. त्यांनी त्यापुढे सांगितलेली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: माहिती हाताळणारी नवी यंत्रणा तेव्हाच उपयोगाची, जेव्हा ती इतरांच्या डोक्यावरची जेवढी माहिती स्वतः पोटात घेते, त्याहून कमी बाहेर ओकते. आता तू सुचवायला सांगतेस त्या ॲपला ही कसोटी लाव. ते तुला दर तासाला आठवण करून देणार, लाल ठिपके दाखवणार, आठवड्याचा अहवाल पाठवणार. म्हणजे आणखी एक बोलणारा वाढला, ऐकणारी तू एकटीच.

शेडच्या फोटोंबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तुझा निम्मा दिवस त्यांत जातो. डाइंग मास्तर लॅब डिपचा फोटो टाकतो, त्यावर साहेब अंगठा दाखवतात, मुंबईचा एजंट दुसऱ्या उजेडात काढलेला फोटो टाकतो, मग कोणीतरी दोन्ही शेजारी ठेवून गोल करून पाठवतो, आणि तू संध्याकाळपर्यंत मोबाइल डोळ्यांसमोर धरून कोणता निळा खरा हे ठरवत बसतेस. अगं, मोबाइलचा कॅमेरा उजेडाप्रमाणे पांढरा रंग स्वतःच ठरवून बाकीचे रंग सरकवतो, आणि प्रत्येकाच्या पडद्याचा रंग वेगळा असतो. म्हणून तर तुमच्या प्रयोगशाळेत लाइट बॉक्स ठेवलेला आहे, त्यात दिवसाच्या उजेडासाठी डी-६५ आणि दुकानातल्या उजेडासाठी टीएल-८४ असे वेगवेगळे दिवे आहेत, कारण एका उजेडात तंतोतंत जुळणारे दोन तुकडे दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. ‘ही शेड डी-६५ खाली बायरच्या मूळ तुकड्याशी जुळते का?’ हा प्रश्न लिहिलास की लगेच कळते की त्याचे उत्तर त्या गटातल्या एकाही फोटोत नाही, असूच शकत नाही. ते लाइट बॉक्समध्ये आहे, रंग मोजणाऱ्या स्पेक्ट्रो यंत्राच्या आकड्यात आहे आणि शेवटी कुरिअरने गेलेल्या तुकड्यावर बायरने दिलेल्या लेखी मंजुरीत आहे. पन्नास फोटो बघून तू अधिक जाणती होत नाहीस, फक्त दमतेस. प्रश्न हातात नसला की माणूस पुढ्यात येईल त्यालाच उत्तर समजू लागतो.

तुमच्या विणाईच्या विभागात रॅपियर माग आहेत, जाऊन एकदा नीट बघ. ताण्याचा प्रत्येक उभा धागा ड्रॉपवायर नावाच्या एकेका पातळ धातूच्या पट्टीतून जातो. धागा तुटला की त्याची वायर खाली पडते, विजेचा संपर्क होतो आणि माग थांबतो. हजारो धागे शाबूत आहेत याची बातमी माग कोणालाही देत नाही. तुमच्या गटात मात्र ‘माग क्रमांक अमुक व्यवस्थित चालू’ असा निरोप दर पाळीला येतो, त्याखाली सहा जण हात जोडतात, आणि त्या जोडलेल्या हातांच्या खाली सातव्या जणाने लिहिलेले ‘पाइलचे (टॉवेलाच्या लवीचे) सूत संपत आले’ हे वाक्य कोणी वाचत नाही.

पूर्वी फार बरे होते असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. फॅक्सच्या काळात एका आकड्याच्या खुलाशासाठी दोन दिवस माल अडकून राहायचा, आणि फॅक्सच्या त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे आपल्याकडच्या उन्हाळ्यात काही महिन्यांत इतकी उडायची की बायरने काय मान्य केले होते तेच वाचता येईना. त्यामुळे फॅक्स आला की त्याच दिवशी झेरॉक्स काढायची आणि त्यातला निर्णय तेवढा रजिस्टरमध्ये उतरवायचा, अशी मला सवय लागली. अक्षरे उडणार हे ठाऊक असल्याने वाचतानाच विचारावे लागे की यातले काय टिकायला हवे. आता काहीच उडत नाही, सगळे साठून राहते, म्हणून कोणी विचारत नाही. मी ती सवय ई-मेल आले तरी सोडली नाही आणि व्हॉट्सॲप आले तरी सोडली नाही. त्यावरून मला ‘रजिस्टरवाले’ म्हणत, हेही तुझ्या कानावर आले असेल.

आले असेल तर पुढचेही ऐक. मी मालकांच्या व्हॉट्सॲप गटात गेलो नाही. मला जे विचारायचे ते फोनवर विचारा आणि जे ठरवायचे ते ई-मेलवर लेखी द्या, एवढेच माझे म्हणणे होते. २०१४ मध्ये व्हॉट्सॲपवर निरोप वाचल्याच्या त्या निळ्या खुणा आल्या आणि ‘वाचले आहे, मग उत्तर का नाही?’ हा नवा गुन्हा जन्माला आला. मी तो केला नाही कारण मी तिथे नव्हतोच. पुढे वरची जागा रिकामी झाली तेव्हा ती प्रत्येक निरोपाला तत्काळ ‘नोटेड सर’ लिहिणाऱ्या माणसाला मिळाली. मला त्याचे काही वाटले नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. पण माझ्या टेबलावरून गेलेल्या ऑर्डरीत कोणत्या तारखेला कोणी काय मान्य केले हे मी आजही त्या रजिस्टरांतून काढून दाखवीन, आणि ‘नोटेड’ लिहिणाऱ्यांपैकी कोणी ते करून दाखवावे. असो, हे तुझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. खंत मला वेगळीच आहे. माझा हट्ट माझ्यापुरताच राहिला, कार्यालयाचा नियम झाला नाही, आणि मी न वाचलेले निरोप माझ्या हाताखालच्या लिपिकाला वाचावे लागत.

म्हणून तू एकटीने शहाणी होऊ नकोस. तातडीचे असेल तर फोन, निर्णय असेल तर ई-मेल, आणि गट फक्त कळवण्यासाठी, एवढे तीन ओळींचे ठरवून घे; साहेबांशी बोलताना डाइंग मास्तर आणि पॅकिंगचे सुपरवायझर यांना सोबत ने. साहेब म्हणतील, उशीर होईल. त्यांना सांग की मी दिवसातून तीनदा ठरलेल्या वेळी सगळे निरोप बघेन. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कुशलेव आणि डन या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एक आठवडा दिवसातून तीनदाच ई-मेल बघायला सांगितले होते आणि त्या आठवड्यात त्यांचा ताण कमी झाल्याचे दिसले होते. तुला ठरलेल्या वेळा हव्यात त्या मात्र ताणासाठी नव्हेत, त्या प्रश्न घेऊन निरोपांकडे जाता यावे यासाठी. तीनदा गेलीस आणि तिन्ही वेळा नुसतेच चाळलेस, तर व्यर्थ.

तू म्हणशील, मध्येच कोणी विचारले तर दोन मिनिटांचेच तर काम असते. दोन मिनिटे त्याच्यावर जातात, पण मागे राहते ते मोजत नाहीस. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिले की अर्धवट सोडलेले काम मनातून निघून जात नाही, त्याचा अंश पुढच्या कामात रेंगाळतो आणि पुढचे कामही कच्चे होते. त्यांच्याच नंतरच्या कामातून यावर एक साधा उतारा निघाला: काम सोडून उठण्यापूर्वी आपण कुठवर आलो आणि परतल्यावर पहिल्यांदा काय करायचे, हे थोडक्यात लिहून ठेवायचे. बघ, इथेही तेच. परत आल्यावर सोडवायचा प्रश्न आधी लिहिलास, तर मन त्याला मोकळे सोडते. हा उतारा मला कारखान्यात असताना ठाऊक नव्हता. आता मी तो वीजबिलाच्या तक्रारीपासून नातवाच्या गणितापर्यंत सगळीकडे वापरतो.

मोबाइलची किरकोळ व्यवस्था तू माझ्यापेक्षा चांगली जाणतेस. ज्या गटांत तू फक्त ऐकणारी आहेस ते कायमचे मूक करून संग्रहात टाक. आता एका गटात हजारावर माणसे मावतात, म्हणून तू प्रत्येक गटात मावलेच पाहिजे असे नाही. निघून जायला संकोच वाटत असेल तर राहा, पण वाचू नकोस. ‘काही महत्त्वाचे सुटले तर?’ असे मनात आलेच, तर ते महत्त्वाचे कोणत्या प्रश्नाचे उत्तर असेल, हे स्वतःला विचार. सांगता आले तर तो प्रश्न वहीत लिही आणि ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला फोन लाव. सांगता आले नाही तर ती भीती आहे, काम नव्हे, आणि रात्री साडेअकराला तू जे चाळत होतीस ते बहुतेक हेच होते.

शेवटी तू पुण्याच्या नोकरीचे विचारले आहेस. आपल्या गावची निम्मी मुले तिकडेच आहेत, त्यामुळे जाऊ नकोस म्हणायला मी कोण? तिथे पगार जास्त मिळेल आणि गटही जास्त असतील, फक्त त्यांची नावे इंग्रजी असतील. पण सोलापुरात फार निरोप येतात म्हणून जात असशील तर थोडी थांब, आधी इथे महिनाभर वही चालव आणि मग ठरव. आणि मुलाखतीला गेलीसच, तर पगाराचा आकडा ऐकण्यापूर्वी त्यांना हे विचार की रात्री नऊनंतर काही अडले तर त्यांच्याकडे कोण कोणाला कळवतो, आणि कसे. ज्याला याचे उत्तर चटकन देता येईल त्याच्या हाताखाली काम करायला हरकत नाही.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
काका