आयफोन आता घेऊ की थांबू? आधी कार्डाचं बघा

प्रश्न : वय ३६, नाशिकला अंबडच्या एका कंपनीत नोकरी. हातात ७८ हजार येतात, गृहकर्जाचा हप्ता २४ हजार. मेमरी चिपची टंचाई आहे, फोन-लॅपटॉप महागणार अशा बातम्या रोज येताहेत. म्हणून आयफोन १७ प्रो (१,३४,९०० रुपये) आणि पत्नीसाठी ५५ हजारांचा लॅपटॉप आत्ताच १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावा असं वाटतं. ती अकरावी-बारावीच्या अकाउंट्सच्या शिकवण्या ऑनलाइन घेते, तिचा लॅपटॉप विंडोज १० वरच अडकलाय. माझा फोन आयफोन १३, बॅटरीची क्षमता ७८ टक्क्यांवर आलीय. आयफोनला रीसेल चांगली मिळते, त्यामुळे ती एक प्रकारे गुंतवणूकच. एसआयपी ८ हजारांची आहे, म्युच्युअल फंडात २ लाख १० हजार जमलेत. बँकेने सुचवलेल्या विम्याच्या गॅरंटीड प्लॅनमध्ये दोन वर्षांपासून महिना ५ हजार जातात. क्रेडिट कार्डावर १ लाख ६० हजार बाकी आहे, पण मिनिमम ड्यू (दर महिन्याला भरायची किमान रक्कम) ८ हजारांच्या आसपास असतं आणि ऑटो-डेबिटमुळे ते एकदाही चुकलेलं नाही. आत्ता घेऊ की थांबू?

उत्तर : फोनचं नंतर बघू. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य शेवटून दुसरं आहे, आणि ते तुम्ही शाबासकी मिळावी अशा सुरात लिहिलंय. मिनिमम ड्यू वेळेवर भरल्याने फक्त लेट फी वाचते आणि खातं थकीत दाखवलं जात नाही. व्याज एक दिवसही थांबत नाही.

हिशेब करू. बहुतेक कार्डांवर बाकी रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. १ लाख ६० हजारांवर झाले ५,६००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी हजार. तुमच्या ८ हजारांतले साधारण ६,६०० असे जातात आणि मुद्दल फिटतं जेमतेम १,४००. वर्षाला तुम्ही बँकेला ७५ ते ८० हजार रुपये नुसतं व्याज देताय. तिकडे २ लाख १० हजारांचा फंड अगदी १२ टक्क्यांनी वाढला तरी वर्षाला २५ हजार देईल. एका हाताने ५० टक्क्यांच्या घरातलं कर्ज आणि दुसऱ्या हाताने १२ टक्क्यांची आशा, हे गणित कुठल्याच वर्षी जमणार नाही.

तुमचं लक्ष का गेलं नाही, तेही कळतं. ऑटो-डेबिट लावताना ॲपमध्ये दोन पर्याय असतात, ‘टोटल अमाउंट ड्यू’ आणि ‘मिनिमम अमाउंट ड्यू’. तुम्ही दुसऱ्यावर बोट ठेवलंत. तेव्हापासून पैसे आपोआप कापले जातात, ‘पेमेंट मिळालं, धन्यवाद’ असा मेसेज येतो आणि स्टेटमेंट उघडायची वेळच येत नाही. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा त्याच स्टेटमेंटवर छापलेला असतो. रिझर्व्ह बँकेनेच तो बंधनकारक केलाय. आज रात्री जेवण झाल्यावर दोघांनी मिळून तो वाचा.

आता या कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय घेतला तर काय होईल? फोनचे ११ हजार आणि लॅपटॉपचे साडेचार हजार हे हप्ते मिनिमम ड्यूमध्ये मिळवले जातात. म्हणजे तुमचं ८ हजारांचं किमान देणं २४ हजारांवर जाईल. गृहकर्जाचा हप्ताही २४ हजारच. त्यात एसआयपी आणि प्लॅन धरला की ७८ हजारांतले ६१ हजार महिना सुरू होतानाच गेलेले. उरलेल्या १७ हजारांत किराणा, पेट्रोल, शाळेची फी, आजारपण बसवायचं. ते बसणार नाही, आणि वरचा खर्च पुन्हा कार्डावरच जाईल. तिथे आणखी एक फटका आहे. मागची बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला व्याजमुक्त ४५-५० दिवस मिळतच नाहीत. किराणा सामानावरही स्वाइप केल्या दिवसापासून व्याज चालू होतं. तुमच्या आत्ताच्या बाकीतला काही भाग असाच साचलेला असणार.

‘नो-कॉस्ट’ या नावावरही विश्वास ठेवू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. व्याज लागतंच. विक्रेता तेवढी रक्कम आधी सूट म्हणून वजा करतो आणि बँक ती व्याज म्हणून तुमच्याकडून घेते. त्या व्याजावरचा जीएसटी मात्र तुमच्याच खिशातून जातो. १ लाख ३५ हजारांवर तो दोनेक हजार होतो, वर प्रोसेसिंग फी वेगळी.

चिपची बातमी खरी आहे, तिला मी अफवा म्हणणार नाही. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मुळात तीन, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत नफा जास्त, म्हणून कारखान्यांचा कल तिकडे वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा लॅपटॉप महागतील हे धरून चला. ५५ हजारांच्या लॅपटॉपवर १२ टक्के वाढ म्हणजे साडेसहा हजार. ही रक्कम वर आली आहे, बघा. तुमच्या कार्डाचं एका महिन्याचं व्याज तेवढंच आहे. जी भाववाढ टाळायला तुम्ही एवढे धावताय, ती तुम्ही गेले कित्येक महिने दर महिन्याला भरताय.

म्हणून उद्याच फंडातून १ लाख ६० हजार काढा आणि कार्ड शून्य करा. फंड मोडायला जीव होत नाही, हे मला माहीत आहे, पण इथे दुसरा शहाणा मार्ग नाही. विक्रीत सगळ्यात जुनी युनिट्स, म्हणजे फंडातले तुमचे हिस्से, आधी जातात. वर्षाहून जुन्या इक्विटी युनिट्सवरचा सव्वा लाखापर्यंतचा नफा वर्षाला करमुक्त आहे, तेव्हा त्या भागावर कर बहुधा लागणारच नाही. वर्षाच्या आतली काही युनिट्स निघाली तर त्यांच्या नफ्यावर २० टक्के कर आणि बऱ्याच फंडांत एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचं शुल्क. तो सोसा. पूर्ण रक्कम भरल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज दिसेल. स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. तेही भरा, आणि ऑटो-डेबिट ‘टोटल’वर करा.

मग हातात महिन्याला ८ हजार मोकळे होतात. एसआयपी चार महिने थांबवा, म्हणजे १६ हजार. चार महिन्यांत ६४ हजार जमले की लॅपटॉप रोखीने घ्या, भाव वाढलेला असला तरी बसेल. तो नक्की घ्या, कारण तुमच्या पत्नीची कमाई त्यावर चालते. ८ जीबी रॅमचा घेऊ नका. अनेक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तोवर जुना चालेल. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असला, तरी घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकटात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये त्याची नोंदणी करा.

फोन नको. आयफोन १३ वर आयओएस २६ व्यवस्थित चालतं. तुमची तक्रार बॅटरीची आहे, तर अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदला. नव्या फोनच्या दहाव्या हिश्शातही ते काम होतं. आणि रीसेलमुळे फोन गुंतवणूक ठरत नाही. तीन वर्षांनी निम्मी किंमत आली तरी ६७ हजार गेलेले असतात. दुसऱ्या फोनपेक्षा कमी तोटा, एवढाच त्याचा अर्थ.

राहिला गॅरंटीड प्लॅन. रिलेशनशिप मॅनेजरने तुम्हाला शेवटी मिळणारी एकूण रक्कम दाखवली असणार, वार्षिक परतावा नाही. अशा योजनांत तो बहुतेक वेळा ५ ते ६ टक्क्यांत बसतो. विमा मिळतो तो साधारण वार्षिक हप्त्याच्या १० पट, म्हणजे तुमच्या बाबतीत ६ लाख. डोक्यावर गृहकर्ज असलेल्या माणसाला ६ लाखांचा विमा विकणाऱ्याने तुमच्या घराचा विचार केलेला नाही. याचा मला खरंच राग येतो. एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) तुमच्या वयाला, तब्येत ठीक असेल आणि तंबाखू-सिगारेट नसेल तर, महिन्याला दीडेक हजारात मिळायला हवा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. आधी टर्म घ्या, पॉलिसी हातात आली की मगच प्लॅनला हात लावा. कंपनीकडून आज सरेंडर केल्यास (पॉलिसी मोडून पैसे घेतल्यास) किती आणि पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवल्यास) किती, हे दोन आकडे लेखी मागवा. तोंडी आकड्यांवर जाऊ नका. ते पत्र मला पाठवा, म्हणजे सोडायचा की पेड-अप करून ठेवायचा ते नेमकं सांगता येईल.